खिशात वाजणाऱ्या गाण्याची पार्श्वभूमी

२०१४ च्या गणपतीला मी आमच्या गल्लीतल्या मंडळासाठी आरतीचं एक ॲप केलं होतं. ॲप म्हणजे काय, एकच स्क्रीन, त्यावर आरतीचे शब्द आणि मागं रेकॉर्डिंग. बेळगावच्या शहापुरात एका काकांच्या घरी पहिल्यांदा लावलं. काकांनी फोन हातात धरला, अक्षरं बारीक दिसायलीत म्हणून फोन आडवा केला, आणि आरत्या दोन झाल्या. आधीची चालूच, दुसरी परत पहिल्यापासून. घाबरून फोन उभा केला तर तिसरी सुरू. झांजा वाजवणारी पोरं थांबली, काकू हसायला लागल्या, काका माझ्याकडं बघून म्हणाले, "काय गा, बंद कर की ते!" आणि बंद करायचं बटणच मी ठेवलं नव्हतं. होम दाबून बाहेर आलो तरी आरत्या चालूच. शेवटी फोन स्विच ऑफ केला आणि आरती तोंडानं म्हटली.

चूक माझीच होती, आणि अँड्रॉइड शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण ती एकदा तरी करतोच. फोन फिरवला की अँड्रॉइड ती स्क्रीन मोडून नवीन बांधतो, आणि मी प्लेअर, म्हणजे गाणं वाजवणारा भाग, स्क्रीनच्या आतच बसवलेला, त्यामुळं प्रत्येक नवीन स्क्रीन आपला नवा प्लेअर घेऊन यायची आणि जुन्याची दोरी कुणाच्याच हातात नाही, तो आपला वाजतोय. कधी याच्या उलटं पण होतं, मालक नसलेला प्लेअर सिस्टम मेमरी झाडताना केरात काढते आणि गाणं मधेच गप होतं. मला तेव्हा वाटलं फोनच बिघडलाय. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की मागं वाजणाऱ्या गाण्याचं बटण नक्की कुणाच्या हातात द्यायचं, यावर मोठमोठ्या कंपन्यांनी पण पंधरा-वीस वर्षं डोकं फोडून घेतलंय.

१९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. एक कॅसेट, एक मोटर, एक बटण. बटण दाबलं की थांबलं. आमच्या घरी सकाळी सांगली आकाशवाणी लागायची, तिचं पण तेच, कान पिरगाळला की बंद. भानगड सुरू झाली ती एकाच मशिनात फोन, गाणी, गेम आणि मेसेज सगळं कोंबल्यावर.

२००५ मध्ये सोनी एरिक्सनचा डब्ल्यू ८०० वॉकमन फोन आला, पुढच्या वर्षी नोकियाचा ५३०० एक्सप्रेसम्युझिक, आणि २००७ ला तो बारीक, उंच ५३१०, ज्याच्या स्क्रीनच्या बाजूला गाण्याची तीन वेगळी बटणं होती. मागं, थांब-चालू, पुढं. कॉलेजात ज्याच्याकडं ५३१० त्याचा रुबाबच वेगळा. मोबाईल शॉपीत मेमरी कार्ड दिलं की गाणी भरून मिळायची, आणि खानापूरहून सकाळी बेळगावला येणाऱ्या लाल बशीत मग मागच्या सीटवर एक, मधे एक आणि दारात एक अशी तीन गाणी एकदम, त्यात दोन मराठी एक कन्नड. कंडक्टर वैतागून ओरडायचा, "सौंड कडिमी माड्री!" मग जरा वेळ शांत, पिरणवाडी आली की परत सुरू. पण त्या तीन बटणांचा फायदा मोठा होता, खिशातून फोन न काढता अंगठ्यानं गाणं थांबायचं. बटण हार्डवेअरचं, प्लेअर कंपनीचाच, तिसरा कोण मधे नाही, त्यामुळं सगळं सरळ.

तिसरा आला तो जावाच्या गेमांमधून. आठवतंय का, गेम उघडली की पहिलीच स्क्रीन विचारायची, साउंड ऑन करू का, येस की नो? पार्श्वसंगीताचा कंट्रोल म्हणजे तेव्हा तेवढंच. बऱ्याच साध्या फोनात एका वेळी एकच आवाज वाजायचा, गेमचं संगीत हवं तर तुमचं गाणं सोडा, गाणं हवं तर गेम मुकी खेळा. विचारायची पद्धत मात्र चांगली होती बघा, आत्ताच्या गेमा विचारत पण नाहीत.

मग २००७ चा आयफोन. त्याच्यात ॲपलचं स्वतःचं गाण्याचं ॲप मागं वाजायचं, मेल बघा, ब्राउझर उघडा, गाणं चालू. पण २००८ च्या जुलैत ॲप स्टोअर उघडलं तेव्हा बाहेरच्यांनी केलेल्या ॲपना ही सवलत नव्हती. पँडोरासारखं रेडिओ ॲप लावलं आणि होम दाबलं की रेडिओ मेला. कारण दिलं बॅटरीचं आणि मेमरीचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. दोन वर्षं असंच चाललं. २०१० च्या जूनमध्ये आयफोनच्या सिस्टमचं नवं व्हर्जन आयओएस ४ आलं आणि त्यात मोजकी कामं मागं करायची परवानगी मिळाली, त्यातलं एक ऑडिओ. ॲपच्या माहितीच्या फाईलमध्ये आधीच लिहून द्यायचं की आम्ही मागं गाणं वाजवणार, आणि लिहून देऊन वाजवलं नाही तर ॲप स्टोअरवाले परत पाठवणार. आयफोन ३जी वाल्यांना मात्र आयओएस ४ मिळून पण हे मिळालं नाही, मशीन कमी पडतंय म्हणून.

ॲपलनं अजून एक गोष्ट केली जी मला जाम आवडते. प्रत्येक ॲपनं आपण कुठल्या जातीचा आवाज करणार ते सांगायचं असतं. तुमचा आवाज नुसता शोभेचा असेल, म्हणजे गेमचं मागचं संगीत वगैरे, तर दुसऱ्याचं गाणं चालू राहील आणि तुमचा आवाज त्याच्यात मिसळेल, फोन सायलेंटवर टाकला की तुम्ही गप. तुमचं कामच गाणं वाजवायचं असेल तर सायलेंटला पण वाजा, पण मग दुसरा थांबेल. आणि काहीच नाही सांगितलं तर ठरलेलं असं की दुसऱ्याचं गाणं बंद. आयफोनवर फालतू गेम उघडली आणि तुमचं चांगलं चाललेलं गाणं थांबलं, तर समजायचं करणाऱ्यानं ती एक ओळ लिहायचा कंटाळा केलाय.

अँड्रॉइडची गोष्ट उलटी. २००८ ला पहिलं अँड्रॉइड आलं तेव्हापासूनच मागं काम करायला मोकळं रान होतं, सर्व्हिस नावाचा प्रकार लिहा, स्क्रीन असो नसो तो चालू. आवाजाचं पण तसंच, जेवढी ॲप वाजतील तेवढी सिस्टम एकत्र कालवून स्पीकरवर टाकणार. म्हणजे आमची खानापूरची बस एकाच फोनात. हेडफोनच्या बटणाचा तर नुसता लिलाव. ते बटण दाबलं म्हणजे माईकची तार क्षणभर शॉर्ट होते, फोनला कळतं, मग सिस्टम सगळ्यांना हाक मारायची, कोण घेतंय का रे? ज्या ॲपनं आपला नंबर सगळ्यात मोठा लिहून ठेवलाय ते पुढं. मग काय, प्रत्येकानंच मोठा नंबर लिहिला. गाणं एकाचं चालू आणि बटण दाबल्यावर जागं होतंय भलतंच.

एकाच जागेवर दोघांचा हक्क, हा विषय बेळगावच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, १९५६ पासून आपण तेच ऐकतोय. पण अँड्रॉइडवाल्यांनी यावर तोडगा काढला तो २०१० च्या मे महिन्यात, २.२ म्हणजे फ्रोयोमध्ये, आयओएस ४ च्या जेमतेम महिनाभर आधी. त्याचं नाव ऑडिओ फोकस. वाजवायच्या आधी फोकस मागायचा, दुसऱ्या कुणी मागितला की तुम्हाला निरोप येणार. निरोप तीन तऱ्हेचे. एक, कायमचं गेलं, दुकान बंद करा. दोन, थोड्या वेळासाठी गेलं, फोन आलाय, थांबा आणि मग परत लावा. तीन, थांबू नका, नुसता आवाज खाली घ्या. हा तिसरा सगळ्यांच्या अनुभवातला आहे, चोर्ला घाटातून गोव्याला जाताना गाणं चालू असतं आणि मॅपवाली बाई बोलायला लागली की गाणं मान खाली घालतं, बाई गप झाली की परत वर. हेडफोनच्या बटणाचं भांडण पण त्याच व्हर्जनमध्ये मिटवलं, शेवटचा ज्यानं नाव नोंदवलं त्याला बटण.

आता यात एक मोठी मेख होती. हा सगळा रिवाज होता, कायदा नव्हता. निरोप आला तरी ॲपनं ऐकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. माझ्या आरतीनं फोकस मागितला पण नव्हता आणि दिला पण नसता. ऐकून घेणारी ॲप गुणी, बाकीची माझ्यासारखी. हेडफोन उपटल्यावर गाणं थांबवायचं काम पण असंच ॲपवर सोडलेलं, सिस्टम नुसती ओरडून सांगते की आता गोंगाट होणार आहे, थांबायचं की नाही ते तुम्ही बघा. ऑफिसात वायर निसटून गाणं स्पीकरवर गेलंय आणि सगळे वळून बघायलेत, हे ज्याला झालंय त्याला त्या निरोपाची किंमत कळेल.

पुढची तीन-चार वर्षं बटण कुठं दाखवायचं यात गेली. २०११ च्या अँड्रॉइड ४ मध्ये लॉक स्क्रीनवर बटणं आली, त्याच वर्षी आयओएस ५ मध्ये गाण्याचं नाव आणि फोटो लॉक स्क्रीनवर द्यायची सोय आली, २०१३ ला आयओएस ७ चं कंट्रोल सेंटर, खालून वर ओढलं की हजर. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये मग मीडिया सेशन नावाची खरी दुरुस्ती झाली. ॲप फक्त सांगतं की मी अमुक गाणं वाजवतोय, एवढ्या मिनिटावर आहे, मला थांबवता येतं, पुढं ढकलता येतं. मग लॉक स्क्रीन असो, नोटिफिकेशन असो, घड्याळ असो की गाडीतला डेक, सगळे त्या एकाच ठिकाणी हुकूम देतात. आमच्याकडं ऊसाच्या ट्रॅक्टरवर हे रोज दिसतं. चिकोडी-निपाणी रोडला हंगामात ट्रॅक्टर निघाला की डेक चालू, ब्लूटूथ जोडलं की ड्रायव्हरनं हात न लावता रात्री थांबलेलं गाणं आपोआप सुरू. भुताटकी नाही ती, जोडणी झाल्यावर बरेच डेक स्वतःच प्लेचा हुकूम सोडतात, आणि अँड्रॉइड तो हुकूम शेवटी वाजलेल्या ॲपला नेऊन देतो. मग बायकोचा फोन आला की तो पण चार स्पीकरवर, अख्ख्या रस्त्याला ऐकू.

एवढं जमलं तोवर बॅटरीचं भूत परत आलं. मागं चालायची मोकळीक दिली की लोक गैरफायदा घेतातच. २०१५ च्या ऑक्टोबरात फेसबुकचं आयफोन ॲप बॅटरी खातंय म्हणून ओरड झाली, तेव्हा कंपनीनंच मान्य केलं की व्हिडिओ बघून बाहेर पडल्यावर कधीकधी ऑडिओ सेशन उघडंच राहत होतं, म्हणजे आवाज काहीच नाही पण सिस्टमला वाटतंय काहीतरी वाजतंय, म्हणून ती ॲपला झोपवत नाही. चूक होती असं ते म्हणाले आणि दुरुस्त केलं. अँड्रॉइडनं २०१७ ला ८.० मध्ये मागच्या सर्व्हिसा काही मिनिटांत बंद करायला सुरुवात केली, चालू ठेवायची असेल तर नोटिफिकेशन दाखवायचं, आणि सुरू केल्यापासून पाच सेकंदांच्या आत दाखवायचं, नाहीतर ॲप पाडणार. गाणं ऐकताना वर ती पट्टी चिकटून बसते आणि सरकवली तरी जात नाही, तिची गोष्ट ही अशी आहे. ती शोभेची नाही, मागं राहायचा परवाना आहे तो.

यूट्यूबचं काय, असं सगळे विचारतात, स्क्रीन बंद केली की गाणं का बंद? तर तिथं तांत्रिक अडचण नव्हतीच कधी. मागं वाजवणं हा त्यांनी पैसे देणाऱ्यांसाठी ठेवलेला माल आहे, आपल्याकडं मार्च २०१९ पासून प्रीमियम म्हणून. माझे एक चुलते रोज सकाळी भजनं लावून फिरायला जातात, प्रीमियम नाही, म्हणून स्क्रीन चालूच ठेवून फोन शर्टाच्या खिशात. चालताना छाती घासून स्क्रीनला टच होतो आणि अभंग चालू असताना अचानक ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात.

अलीकडं रिवाजाचा कायदा होत चाललाय. अँड्रॉइड ११ मध्ये, २०२० ला, गाण्याची बटणं वरच्या सेटिंगच्या पट्टीत जाऊन बसली, १२ पासून फोकस गेल्यावर पण जो वाजत राहतो त्याचा आवाज सिस्टम स्वतः हळूहळू शून्य करते, १४ मध्ये सर्व्हिस कशासाठी आहे ते आधी जाहीर करणं सक्तीचं झालं, आणि १५ मध्ये तर समोर दिसत नसाल किंवा तसली जाहीर सर्व्हिस चालू नसेल तर फोकस मागायलाच उभं करत नाहीत. माझ्या २०१४ च्या तिन्ही आरत्या एकमेकांशी भांडल्या त्याला मात्र हे कायदे पण काही करू शकले नसते, त्या तिघी एकाच ॲपच्या.

आरतीचं ॲप मी नंतर परत लिहिलं. प्लेअर स्क्रीनमधून काढून सर्व्हिसमध्ये नेला, फोकस मागतो, फोन आला की थांबतो, वर पट्टी दाखवतो, बटण तर चांगलं मोठं ठेवलंय. तरी अजून काही फोनांवर स्क्रीन बंद झाली की दोन मिनिटांत आरती गप होते, कारण त्या फोनच्या कंपनीनं अँड्रॉइडच्या वर स्वतःचं बॅटरी वाचवायचं सॉफ्टवेअर बसवलंय आणि ते परवाना-बिरवाना काही विचारत नाही. त्यावर इलाज एकच, सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीचं बंधन नाही असं हातानं सांगायचं. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी पाच-सहा घरी जाऊन तेवढं करून येतो, चहा होतो. शहापूरच्या काकांच्या फोनवर आता फिरवला तरी आरती एकच वाजते, पण त्यांनी त्या दिवशी ऑटो रोटेट बंद केलंय ते आजतागायत चालू केलेलं नाही.