सलग वाजणारा भोंगा: इंजिन तापले आहे की पेट्रोल अडले आहे?

वेगळ्या टाकीतून ऑइल घेणारी जॉन्सन किंवा इव्हिनरूडची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन) ज्यांच्याकडे आहे, त्यांना तापलेल्या इंजिनाचा इशारा समजावून सांगण्याची गरज नाही. इम्पेलर (थंड करणारे पाणी ढकलणारे पंपाचे चाक) झिजतो, थर्मोस्टॅट (त्या पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप) अडकतो, मिठाचा थर साचतो, सिलिंडरचे हेड तापते आणि इशाऱ्याचा भोंगा सलग वाजू लागतो. ऑइलचे इशारेही ओळखायला सोपे आहेत. बऱ्याच सेकंदांनी एखादी तुटक पीप आली तर ऑइलची टाकी रिकामी होत आली आहे. दर सेकंदाला पीप वाजू लागली तर ऑइल इंजिनापर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा मोटर ताबडतोब बंद करावी.

घोळ होतो तो सलग भोंग्यापाशी. व्हीआरओ पंपाच्या (पेट्रोल ओढून त्यात ऑइल मिसळणाऱ्या पंपाच्या) अनेक व्ही-४ आणि व्ही-६ इंजिनांत, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगा आणि दोन हेड असलेल्या इंजिनांत, पेट्रोलच्या मार्गावर एक व्हॅक्यूम स्विच बसवलेला असतो. पेट्रोल ओढताना पंपावर फार ताण येऊ लागला की तो भोंगा वाजवतो, आणि तोही तापमानाच्या स्विचप्रमाणेच, अगदी त्याच सुरात, सलग. हे माहीत नसल्यामुळे लोक गिअरकेस (मोटारीचा पंख्याकडचा खालचा भाग) उतरवून नवा इम्पेलर बसवतात, मग तापमानाचा स्विच बदलतात आणि तरीही पूर्ण वेगात भोंगा वाजलाच, तर ‘जुन्या मोटारीचा भोंगा, असाच वाजायचा’ असे म्हणून तार कापून मोकळे होतात. ही शेवटची करामत मला मुळीच मान्य नाही, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते. पेट्रोल अडले की मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, वंगणही कमी पडते आणि पिस्टन जळतो.

दोहोंतला फरक थ्रॉटल सांगतो. भोंगा वाजताच थ्रॉटल एकदम खाली आणावा. इंजिन खरोखर तापले असेल, तर तापमानाचा स्विच साधारण ९५ अंश सेल्सिअसला लागलेला असतो आणि हेड बरेच निवल्याशिवाय तो सुटत नाही, म्हणून मंद गतीतही भोंगा काही काळ वाजतच राहतो. पेट्रोल अडले असेल, तर मागणी घटताच व्हॅक्यूम उतरतो, भोंगा चटकन थांबतो आणि वेग वाढवला की पुन्हा सुरू होतो. शंका राहिलीच, तर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही हेड मोजावीत, दोन्ही! कारण ‘(मोटारीतून बाहेर उडणारी) पाण्याची पिचकारी येते आहे, म्हणजे इंजिन तापूच शकत नाही’ हे गोदीवरचे लाडके मत साफ चुकीचे आहे. पिचकारीवरून पंप पाणी ढकलतो आहे एवढेच कळते. दोहोंपैकी एका हेडमधला थर्मोस्टॅट अडकलेला असला, तरी ती जोरात उडत राहते.

पेट्रोलचा दोष ठरल्यावर शोध इंजिनापासून नव्हे, टाकीपासून सुरू करावा. पूर्ण वेगात प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या नळीतला हाताने दाबायचा रबरी फुगा) आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर अडथळा बल्बच्या टाकीकडच्या बाजूला आहे: टाकीची हवेची वाट बंद असेल, अँटी-सायफन व्हॉल्व्ह (टाकीतले पेट्रोल आपोआप गळून जाऊ न देणारी झडप) अडकला असेल किंवा पाणी वेगळे करणारा फिल्टर तुंबला असेल. बल्ब चपटा होत नसेल, तर स्वतः बल्बचा व्हॉल्व्ह आणि त्यापुढची नळी पाहावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या नळीचे आतले अस्तर सुटते आणि बाहेरून नळी अगदी धडधाकट दिसते. म्हणून मी जुनी नळी तपासत बसत नाही, सरळ बदलतो, आणि पाव इंची नळी मोठ्या मोटारीला लावू देत नाही. तिला किमान ३/८ इंची नळी हवी. एवढे करूनही खात्री पटत नसेल, तर स्वच्छ पेट्रोलची छोटी फिरती टाकी नव्या नळीने थेट मोटारीला जोडून, हवेची वाट उघडी ठेवून, मोटर पाण्यात पूर्ण वेगात चालवावी. तरीही भोंगा वाजला, तरच मोटारीचे झाकण उघडून व्हॅक्यूम स्विच, पंप आणि तारांकडे वळावे.