रिकाम्या कडा दिसायला सारख्या: फिक्स्ड विड्थ आणि मॅक्स विड्थ

मोठ्या मॉनिटरवर साइट उघडावी तर मजकूर मधल्या पट्ट्यात आणि दोन्ही बाजूंना नुसती पांढरी जागा. मग एवढी स्क्रीन घेतली कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण या रिकाम्या जागेमागे दोन वेगळ्याच गोष्टी असू शकतात, आणि १९२० पिक्सेल रुंद खिडकीत त्या हुबेहूब सारख्या दिसतात. फरक बघायचा तर ब्राउझरच्या खिडकीची कड माउसने धरा आणि ती अरुंद करत जा.

एका प्रकारात पान ढिम्म हलत नाही. आधी कडा संपतात, मग उजवीकडचा मजकूर कापला जातो आणि तळाशी आडवा स्क्रोलबार उगवतो. ही फिक्स्ड विड्थ. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, रुंदीचा एकच आकडा ठोकून दिलेला असतो, बऱ्याचदा ९६० पिक्सेल. तो आकडा उगाच आला नव्हता. एके काळी १०२४ बाय ७६८ चे मॉनिटर सर्रास असत. उभ्या स्क्रोलबारची जागा सोडूनही ९६० त्यात आरामात बसे. शिवाय ९६० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ या सगळ्यांनी भाग जातो, म्हणजे कॉलम पाडायला सोयीचं. त्यात तेव्हाच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ या ब्राउझरला मॅक्स विड्थ, म्हणजे पुढे येणारा दुसरा प्रकार, कळतच नसे. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. आज असं पान दिसलं की बहुतेक वेळा समजावं, कोडला बरीच वर्षं कुणी हात लावलेला नाही.

दुसऱ्या प्रकारात कडा संपल्या की मजकूर स्वतःच आक्रसतो. ओळी लवकर तुटतात, पण काही कापलं जात नाही. ही मॅक्स विड्थ: मिळेल तेवढी जागा घे, अमुक रुंदीपुढे मात्र जाऊ नकोस. इथली रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. १९२० पिक्सेलची पूर्ण रुंदी १६ पिक्सेलच्या अक्षरांनी भरली, तर इंग्रजीची दोनशेहून जास्त अक्षरं एका ओळीत येतात. एवढ्या लांब ओळीच्या शेवटाहून परत येताना डोळा हमखास चुकतो, तीच ओळ पुन्हा वाचली जाते. छपाईतल्या जाणकारांचा ठोकताळा साधारण ४५ ते ७५ अक्षरांचा आहे.

मराठी साइट करणाऱ्यांनी इथे जरा जपावं. मर्यादा अनेकदा ‘सीएच’ या एककात देतात, आणि ते फॉन्टमधल्या रोमन शून्याच्या रुंदीवरून ठरतं. जोडाक्षरं, काने, वेलांट्या यांच्याशी त्याचा संबंध नाही. ‘६५ सीएच’ लिहिलं म्हणजे देवनागरीची ६५ अक्षरं बसली असं होत नाही. खरा परिच्छेद टाकून बघावाच लागतो.

दोन्हींतला फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो झूम केल्यावर. चाळिशी लागलेला माणूस कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबत जातो. २५० टक्क्यांवर ९६० चं पान २४०० पिक्सेल मागतं आणि १९२० च्या स्क्रीनवर प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकावं लागतं. मॅक्स विड्थच्या पानावर अक्षरं तेवढीच मोठी होतात, पण ओळी खिडकीतच राहतात.

म्हणून मॅक्स विड्थवर सरसकट रागावू नये. पण तिचाही अतिरेक होतो. परिच्छेदासाठी योग्य असलेली मर्यादा पंधरा रकान्यांच्या तक्त्यालाही लावली, की शेजारी जागा ओस आणि तक्त्याला आडवा स्क्रोलबार. तक्ते आणि नकाशे यांना मोकळं सोडायला हवं. २०२३ च्या जानेवारीत इंग्रजी विकिपीडियाने मजकुराची रुंदी मर्यादित केली तेव्हा पांढऱ्या जागेवरून बरीच कुरकुर झाली. तिथे रुंदी वाढवण्याचं बटण आहे, ज्याला हवं त्याने ते दाबावं.