बंद पडलेला सीएफएल आणि बंद पडलेला एलईडी: कुठला उघडायचा, कुठला अजिबात नाही

एलईडी बल्ब घरी दुरुस्त करणारे लोक हल्ली खूप वाढलेत आणि ही फारच चांगली गोष्ट आहे. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारली की चिपांची प्लेट, ड्रायव्हर (चिपांना करंट देणारं सर्किट), टोपी असं सगळं सुटं मिळतं, सोल्डरिंग गन घरात असेल तर बल्ब परत चालू होतो आणि एक वस्तू कचऱ्यात जायची वाचते. पण त्याच उत्साहात माळ्यावरचा जुना सीएफएल पण "बघू आत काय आहे" म्हणून उघडला जातो, काही जण तर त्याची काच तोडून खालच्या बुडात एलईडीची प्लेट बसवतात, मुलं शेजारी बसून बघत असतात, आणि हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. दोन्ही पांढरे, दोन्ही एकाच होल्डरमध्ये बसतात, दोघांनाही आपण "तो वीज वाचवणारा बल्ब" म्हणतो, पण आतून त्यांचं काही म्हणजे काहीच सारखं नाही.

सीएफएल म्हणजे आपली ट्यूबलाइटच, वळवून छोटी केलेली. काचेच्या नळीत थोडा पारा असतो, करंट गेला की त्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात आणि काचेला आतून लावलेली पांढरी पावडर त्या किरणांनी उजळते. म्हणजे पारा काढून टाकला तर सीएफएल पेटणारच नाही, कंपनी कुठलीही असो, महाग असो की स्वस्त. एलईडीत उजेड देते ती सेमीकंडक्टरची चिप, निळा प्रकाश देणारी आणि वर पिवळसर फॉस्फर लावलेली, त्यात पारा लागतच नाही.

ओळखायचं कसं? गोल गोल वळलेली किंवा यू आकाराची काचेची नळी दिसली की सीएफएल, हे सोपं आहे. गडबड होते ती दोन ठिकाणी. काही सीएफएलना वरून काचेचा गोल घुमट असतो, ते लांबून हुबेहूब एलईडी वाटतात, तेव्हा बुडावरचं छापलेलं वाचा, पाऱ्याची खूण (Hg) असते, आणि चालू असताना आठवत असेल तर सीएफएल लावल्यावर पूर्ण उजेड यायला थोडा वेळ घ्यायचा. दुसरी गडबड ट्यूबची, कारण एलईडी ट्यूबपण काचेची येते. तिच्यात बऱ्याचदा आत चिपांची रांग दिसते, जुन्या ट्यूबची टोकं बहुतेक वेळा काळी पडलेली असतात. आणि ते हॉटेलात लावतात तसले पिवळ्या काड्यांचे काचेचे फिलामेंट बल्ब, ते एलईडीच, त्यात पारा नाही.

आता पारा किती, तर एका सीएफएलमध्ये साधारण ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. जुन्या ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये याच्या शंभरेक पट असायचा. त्यामुळे एक फुटला म्हणून कोणी आजारी पडेल असं नाही, घाबरायचं कारण नाही, आणि न फुटलेल्या सीएफएलमधून तर काहीच बाहेर येत नाही. प्रश्न आहे तो बंद खोलीत मुद्दाम काच तोडण्याचा, आणि दुसरा त्याहून मोठा, तो म्हणजे शहरातले असे सगळे बल्ब कचऱ्याच्या गाडीत फुटण्याचा. पारा साध्या तापमानालाही वाफ होऊन श्वासात जातो, आणि पाण्यात गेला तर जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते माशांमध्ये साठत जातं. जपानच्या मिनामाटात १९५६ मध्ये उघडकीला आलेला आजार याच विषाचा, तिथे ते कारखान्याच्या सांडपाण्यातून आलं होतं. त्या गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारतही आहे.

पुण्यात हे कोणाच्या हातात फुटतं याचा विचार करा. सुक्या कचऱ्याची पिशवी आपण दारात ठेवतो आणि 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई ती हाताने वेगळी करतात, त्यात फुटकी काच आणि ती पांढरी पावडर. कापते ते वेगळंच. भंगारवाला पण सीएफएल घेत नाही, घेतला तरी टोपीचा पत्रा काढून काच फेकतो, कारण काचेला भाव नाही. एलईडीच्या आत अॅल्युमिनियम असतं, त्याला थोडाफार तरी भाव मिळतो. म्हणून सीएफएलच जास्त बेवारस पडतात.

फुटलाच घरात तर पंखा, एसी बंद करा, खिडकी उघडा, मुलांना बाहेर काढा आणि दहा मिनिटं खोलीत जाऊ नका. झाडू नको आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, त्याने पावडर आणि वाफ घरभर होते. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, शेवटी ओल्या कागदाने पुसा आणि हे सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून ठेवा.

आता एलईडी. हा उघडायचाच, बिनधास्त, पण होल्डरमधून काढून. वरचा प्लॅस्टिकचा घुमट कडेने दाबला की निघतो, आत गोल प्लेटवर चिपा असतात आणि बहुतेक वेळा त्या सिरीजमध्ये, म्हणजे एक गेली की सगळा बल्ब बंद. गेलेल्या चिपेवर बऱ्याचदा काळा ठिपका दिसतो. ठिपका नसेल तर मल्टिमीटरने बघतात पण इथे एक अडचण आहे, बऱ्याच बल्बांच्या एका चिपेत आत दोन-तीन चिपा असतात आणि त्या मल्टिमीटरच्या व्होल्टेजवर पेटत नाहीत, मग लोकांना वाटतं सगळ्याच गेल्या. एलईडी टेस्टर घ्या, तो वेगळा मिळतो. चिप बदलता आली तर उत्तम, नाहीतर सरळ अख्खी प्लेट बदला आणि खाली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारं मलम) लावा, कारण हे बल्ब मरतात ते उष्णतेनेच, बंद झुंबरात आणि कोंदट फिटिंगमध्ये लवकर मरतात.

गेलेल्या चिपेवर सोल्डरचा थेंब टाकून शॉर्ट करायची युक्ती सगळीकडे दाखवतात. वेगळा ड्रायव्हर असलेल्या बल्बात एखादी चिप अशी केली तर बरेच दिवस चालतं. डीओबी प्लेटवर, म्हणजे जिथे ड्रायव्हर प्लेटवरच असतो, तिथे उरलेला व्होल्टेज करंट सांभाळणाऱ्या आयसीवर पडतो आणि आयसी तापून जातो, तिथे मी तरी करणार नाही.

आणि एलईडी सुरक्षित म्हणजे पाऱ्यापुरता सुरक्षित, शॉकपुरता नाही! स्वस्त बल्बांच्या ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मरची आड नसते, त्यामुळे चालू असताना प्लेटवर थेट मेनचा करंट असतो. काढल्यावर सुद्धा कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, थोडं थांबा. दुरुस्त झाल्यावर पहिल्यांदा लावताना सिरीज लॅम्पवर लावा, म्हणजे करंट एका जुन्या पिवळ्या बल्बातून येईल असा जोडा, घरात एखादा जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब पडला असेल तर त्याचा याहून चांगला उपयोग नाही, शॉर्ट असेल तर तो बल्ब पेटेल आणि एमसीबी पडणार नाही.

सीएफएलची दुरुस्ती पूर्वी व्हायची, एकाची नळी आणि दुसऱ्याचं सर्किट असं जोडून, तेव्हा तो महाग होता म्हणून. आता ९ वॅटचा एलईडी साधारण १४-१५ वॅटच्या सीएफएलइतका उजेड देतो, मग नळी उचकटताना फुटायचा धोका कशाला घ्यायचा? चालू सीएफएल आहे तोवर वापरा, बंद पडला की नव्या बल्बच्या खोक्यात घालून ठेवा, खोकं नाहीतरी फेकणारच असतो आपण. २०१६ च्या ई-कचरा नियमांत पारा असलेले दिवे आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांतही आहेत, म्हणजे ते घरच्या कचऱ्यात टाकायचेच नाहीत. पुण्यात स्वच्छ आणि पूर्णम इकोव्हिजन यांच्यामार्फत ई-कचरा गोळा होतो, देताना "यात सीएफएल आहेत" असं तोंडाने सांगा आणि खोक्यावर लिहा पण. पाऱ्याच्या दिव्यांचं काम करणाऱ्या कारखान्यात ते बंद मशिनमध्ये फोडतात, वाफ कार्बनच्या फिल्टरमध्ये अडकते आणि काच, धातू, पावडर वेगळे होतात, हे घरी होण्यासारखं नाही.

अजून एक, लाइट गेल्यावर चालू राहणारा इन्व्हर्टर बल्ब. तो एलईडीच आहे पण आत लिथियमचा सेल असतो. तो उघडताना स्क्रू ड्रायव्हर आत खुपसू नका, सेलला भोक पडलं तर आग लागू शकते. सेल फुगलेला दिसला तर दुरुस्ती तिथेच सोडा, चार्ज करू नका आणि लवकरात लवकर ई-कचऱ्यात द्या, पण सीएफएलच्या खोक्यात नाही, वेगळा.