नकाशातली पायवाट आणि वहिवाटीची वाट

वाट अडली की कोकणात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आजोबांपासून इथूनच जातोय." पण अडलेली वाट गावनकाशातली असेल तर आजोबांची गरजच नसते, आणि वहिवाटीची, म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापरातून हक्काची झालेली असेल तर नुसते आजोबा पुरत नाहीत. दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाणारी चिंचोळी तांबडी वाट पाहून ती यातली कुठली हे कळत नाही, म्हणून आधी नकाशा बघावा.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी 8.25 फूट. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, 16.5 ते 21 फूट. अशा वाटेवरून कुणीही चालू शकतो, त्यासाठी तिच्या पलीकडे आपली जमीन असावी लागत नाही. कुणी मध्येच काजूची कलमं लावली तरी रेषा पुसली जात नाही. तहसीलदारांकडे अर्ज करताना ही नक्कल जोडली की अर्धं काम झालं.

शेतात, बागेत किंवा विहिरीवर जायच्या बहुतेक वाटा मात्र नकाशात नसतातच. तिथे 1882 चा भारतीय सुविधाधिकार कायदा लागतो; सुविधाधिकार म्हणजे आपल्या जमिनीसाठी दुसऱ्याची जमीन वापरायचा हक्क, जसा तिच्यातून जायचा. कलम 15 प्रमाणे वापर 20 वर्षांचा हवा आणि तोही शांतपणे, उघडपणे, अखंड व हक्क म्हणून केलेला. वाट सरकारी जमिनीतून असेल तर 30 वर्षं. हा हक्क ठराविक जमिनीला चिकटलेला असतो, वाटसरूला त्यातून काही मिळत नाही.

दावे फसतात ते "हक्क म्हणून" या दोन शब्दांवर. दरवर्षी "जाऊ ना?" असं विचारून गेलात तर ती परवानगी ठरते, आणि परवानगी कितीही वर्षांची झाली तरी तिची वहिवाट होत नाही. दुसरी अडचण खास आपल्याकडची. भात कापून झालं की सगळेच मळ्यातून आडवे चालतात, पावसाळ्यात मात्र मेरेवरून, म्हणजे बांधावरून जातात. उन्हाळ्यातली ती आडवाट शेजारधर्माची. तिच्यावर दावा मांडू नये, कारण तिची रेषाही दरवर्षी सरकते. बारमाही मेरेची वाट धरून ठेवा आणि तिचे फोटो दोन्ही ऋतूंत काढा.

चालायचा हक्क मिळाला म्हणून टेम्पो नेता येत नाही. कलम 28 स्पष्ट सांगतं की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. आंब्याच्या पेट्या डोक्यावरून जात होत्या त्या वाटेवर गाडी घालायचा हट्ट धरला की चालू असलेल्या वाटेवरही भांडण पेटतं.

अर्ज कुठल्या कायद्याखाली करायचा, यात सर्वात जास्त घोळ होतो. चालू वाट अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार (म्हणजे तहसीलदार) न्यायालय अधिनियमाचं कलम 5, आणि मुदत अडवल्यापासून फक्त 6 महिने. गावकीच्या बैठकांत गणपती जातात, शिमगा येतो, तोवर मुदत संपते. बैठका चालू द्या, पण दावा वेळेत दाखल करा. वाट मुळातच नसेल आणि शेतावर जायला हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143. त्यात तहसीलदार शेजारच्या सर्व्हे नंबरांच्या बांधावरून वाट देतात. त्यांचा निर्णय मान्य नसेल तर एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. जुनी वाट अडली असताना 143 खाली "नवी वाट द्या" असं लिहून दिलं, तर जुनी वाट नव्हतीच असं समोरचा म्हणणार.

अर्जात सातबारावरचे सगळे हिस्सेदार सामील करा, मुंबईला असलेलेसुद्धा. एकाला नोटीस गेली नाही तरी प्रकरण मागे येऊ शकतं. आणि त्याच सामाईक सातबारावर तुमचंही नाव असेल, तर वहिवाट सिद्ध करत बसू नका. स्वतःच्या जमिनीवर सुविधाधिकार नसतो, तिथे तुम्ही सहमालक म्हणून चालता.