सोलापूरचा मार्शल लॉ आणि कायद्याची न्यायालयीन तपासणी

मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. राष्ट्रध्वज हाती घेतला एवढ्यावरून माणसे तुरुंगात गेली. या लष्करी अंमलाला कायद्याचा आधार दिला तो गव्हर्नर जनरलच्या वटहुकमाने. त्याच महिन्यात भगतसिंगांच्या खटल्यासाठी लाहोर वटहुकूमही निघाला. असा वटहुकूम काढण्याइतकी आणीबाणी खरोखर होती का, हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला. १९३१ साली निकाल आला: ते ठरवण्याचा अधिकार एकट्या गव्हर्नर जनरलचा, न्यायालयाने त्यात शिरायचे नाही. हाच तर्क सोलापूरच्या वटहुकमालाही लागू होत होता.

जगात तोवर दुसऱ्या वाटा पडल्या होत्या. अमेरिकेत १८०३ च्या मार्बरी खटल्यापासून घटनाबाह्य कायदा लागू करायला साधा न्यायाधीशही नकार देऊ शकतो. ऑस्ट्रियाने १९२० मध्ये, हान्स केल्सेन यांच्या विचारातून, हे काम एकाच घटना न्यायालयाकडे दिले. जर्मनीने पुढे तेच केले: न्यायाधीशाला कायदा घटनाबाह्य वाटला, तर तो खटला थांबवून प्रश्न कार्ल्सरुहच्या घटना न्यायालयाला पाठवतो. ब्रिटनमध्ये मात्र संसदेचा कायदा न्यायालय आजही रद्द करू शकत नाही. १९९८ च्या कायद्याने तो मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे जाहीर करता येते, एवढेच.

आपली व्यवस्था या सगळ्यांच्या मधली आहे. सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात एखाद्या कायद्याच्या वैधतेवर दावा अडला, तर तिथले न्यायाधीश तो कायदा रद्द करत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ नुसार ते आपले मत नोंदवून प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवतात. नागरिकाला राज्यघटनेच्या कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालयातही जाता येते. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण हक्क कागदावर असला तरी गरीब पक्षकार अडतो तो प्रवासाच्या आणि मुक्कामाच्या खर्चापाशी.

१९३१ चा तो युक्तिवाद स्वातंत्र्यानंतरही परतला. १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीबाबत राष्ट्रपतींचे समाधान अंतिम ठरवले आणि न्यायालयांचे दार बंद केले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. मग १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपती राजवटीची घोषणासुद्धा तपासता येते, असे ठरवले.