झेब्राफिश : प्रयोगशाळेतील संवर्धन

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील संथ, उथळ पाण्यात व भातखाचरांत आढळणारा ३-४ सेंमी. लांबीचा पट्टेदार मासा. शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. जुन्या संशोधनलेखांत तो ब्रॅकिडॅनिओ या प्रजातीत गणलेला दिसतो. अंड्याचे फलन मादीच्या शरीराबाहेर होते आणि भ्रूण पारदर्शक असतो. त्यामुळे हृदयाचे ठोके सुरू होईपर्यंतची सारी वाढ सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी पाहता येते.

संवर्धनाच्या आरंभाचे श्रेय बहुधा अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांना दिले जाते. त्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा मासा निवडला व १९८१ मध्ये त्याचे कृंतक (क्लोन) तयार केल्याचे प्रसिद्ध केले. मात्र भ्रूणविज्ञानासाठी या माशाची अंडी मिळवण्याची पद्धत क्रीझर यांनी १९३४ मध्येच छापली होती. तेव्हा स्ट्रायसिंगर यांना संवर्धनाचे नव्हे, तर आनुवंशिकीतील वापराचे प्रवर्तक म्हणणे अधिक युक्त ठरते. एबी आणि ट्यूबिंगेन हे आज सर्वत्र वापरले जाणारे वाण शोभिवंत माशांच्या दुकानांतून आणलेल्या माशांपासून निपजले आहेत.

पाणी सुमारे २८.५° से. तापमानाला, पीएच मूल्य ७ च्या आसपास ठेवतात. मोठ्या मत्स्यगृहांत एकच पाणी गाळणी, नायट्रीकरण करणारे (विषारी अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे) जीवाणू व अतिनील दिवे यांतून पुन्हा पुन्हा फिरवले जाते आणि त्याचा काही भाग रोज बदलतात. प्रकाश १४ तास, अंधार १० तास. या चक्रात कसूर झाली की अंडी मिळत नाहीत, कारण मादी उजाडताच अंडी घालते. आदल्या संध्याकाळी जोडी जाळीचा तळ असलेल्या पेटीत सोडतात. अंडी जाळीतून खाली पडतात, नाहीतर आईबापच ती खातात. पूर्वी हेच काम तळाशी पसरलेल्या काचेच्या गोट्या करीत. एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज मिळतात व दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पाचव्या दिवसापासून त्यांना पॅरामिशियम किंवा रोटिफर हे पाण्यातील सूक्ष्म जीव व पुढे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील लहान कवचधारी प्राण्याची पिल्ले खाऊ घालतात. सुमारे तीन महिन्यांत मासे प्रजननक्षम होतात.

लिंगनिश्चितीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सर्वच पिल्लांत आधी अंडाशयासारखी ग्रंथी दिसते. नरांत पुढे तिचे वृषणात रूपांतर होते. गर्दी, कमी खाद्य किंवा खुंटलेली वाढ असेल, तर खेपेत नरांचे प्रमाण वाढते, आणि मादीविना कुळी पुढे चालवता येत नाही. यावरून या माशात लिंग केवळ परिस्थितीने ठरते, असे मत काही काळ प्रचलित होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नादिया व कूचबिहार (पश्चिम बंगाल) येथील रानवाणांसारख्या कुळींत चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी लिंगनिश्चायक प्रदेश आढळला. एबी आणि ट्यूबिंगेन यांत तो दिसला नाही. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवताना तो गमावला गेला असावा, हा निष्कर्ष ग्राह्य वाटतो. तरी रानवाणांतही परिस्थितीचा प्रभाव पूर्णपणे नाकारता येत नाही.

रोगांपैकी मज्जासंस्थेतील स्यूडोलोमा या सूक्ष्म परजीवीचा व मायकोबॅक्टेरियम जीवाणूंचा उपद्रव विशेष असतो. बाहेरून आणलेले मासे थेट मुख्य टाक्यांत न सोडता विलगीकरणात ठेवतात आणि विरंजक द्रावणाने धुतलेली त्यांची अंडीच तेवढी आत घेतात. स्यूडोलोमाच्या बीजाणूंवर मात्र या धुण्याचा पुरता परिणाम होत नाही.

भारतात हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान संस्था, दिल्लीची जिनोमिकी संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथे या माशावर संशोधन चालते.