संकल्पचित्राच्या चौकोनातली कोयरी

शाळेत असताना ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिल्या, त्यांना संकल्पचित्राचा पेपर नक्की आठवेल. शीटवर चौकोन किंवा वर्तुळ आखायचं, त्यात फुलं, पानं, कोयऱ्या बसवायच्या आणि पोस्टर कलरने सपाट रंगवायचं. ब्रशचे फराटे दिसले की गुण गेलेच. मी कोयरी इतक्या वेळा गिरवली होती की डोळे मिटून काढता यायची. घरात आजीची पैठणी होती. तिच्या पदरावरच्या कोयरीचं वळण जवळून पाहिलं तर त्याला बारीक पायऱ्या दिसतात, कारण उभा धागा आणि आडवा धागा काटकोनातच भेटणार. विणकर धागे मोजून त्यातूनच गोलाई काढतो. मला वाटायचं, आपली कोयरी जास्त सुबक आहे.

पारंपरिक कला डिझाइनच्या शिक्षणात आणा, असं सध्या सगळीकडे ऐकू येतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंत आणि कारागिरांना वर्गात बोलवा असं म्हटलंय, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवा असंही सुचवलंय. मागणी नवी वाटते, पण आपल्याकडे कलाशिक्षणाच्या आधुनिक संस्था मुळात कारागिराचं नाव घेऊनच उभ्या राहिल्या, आणि एकदा नाही, दोनदा.

पहिल्या वेळची सुरुवात लंडनमधली. १८५१ च्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानातलं कापड, गालिचे, धातुकाम पाहून तिथल्या जाणकारांना स्वतःच्या कारखान्यांतल्या मालाची लाज वाटली. ओवेन जोन्सने १८५६ मध्ये जगभरच्या नक्षीकामाचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यात हिंदुस्थानी नमुन्यांना मानाचं स्थान होतं. पण त्या पानांवर नक्षी सुटी होती. कापड नाही, माग नाही, विणणारा नाही. फक्त चौकोनात बसवलेले रंगीत नमुने. आपल्या संकल्पचित्राच्या चौकोनाचं कूळ मला इथेच सापडतं.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कला आणि उद्योगाच्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले होते. १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा वर्ग भरू लागला, तेच आपलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. हेतू कारागिरी सुधारण्याचा होता, पण शिकवण्याची रीत लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या सरकारी कलाशाळेतून आलेली: आधी बाह्यरेषा, मग भूमिती, मग प्लास्टरचे साचे समोर ठेवून छायाप्रकाश. सोनाराच्या किंवा सुताराच्या मुलाला यातलं किती उपयोगी पडणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. तिथल्या कुंभारकामाची गंमत बघा. जॉर्ज टेरी नावाच्या शिक्षकाने सुरू केलेल्या या विभागात सिंधी पद्धतीच्या चकाकीच्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी चढवली जायची. गुहेची भिंत एका मुलखातली, चकाकी दुसऱ्या मुलखातली आणि गिऱ्हाईक विलायतेचं. भांडी देखणी होती, यात वाद नाही.

अजिंठ्याची नक्षी हाताशी होती, कारण १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या चित्रांच्या नकला करत होते. हे काम १८८५ पर्यंत चाललं. नकला लंडनला गेल्या आणि त्याच वर्षी तिथे लागलेल्या आगीत बऱ्याचशा जळाल्या. पण त्या विद्यार्थ्यांचे हात त्या रेषेवर वर्षानुवर्षं फिरले होते. नकल करणं म्हणजे कमअस्सल काम, असं आपण सहज म्हणतो. मला तरी जे. जे.च्या पहिल्या पन्नास वर्षांतलं हे सगळ्यात खरं शिक्षण वाटतं.

जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये जे. जे.त आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पं त्यांचीच. ते १८७५ मध्ये लाहोरच्या मेयो स्कूलला गेले आणि तिथे त्यांनी कारागिरांच्या घरातली मुलं घ्यायचा आग्रह धरला. त्यांतला राम सिंग हा सुताराच्या घरातला मुलगा. व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसमधल्या दरबार हॉलची अंतर्गत रचना त्याने किपलिंगबरोबर केली आणि १९१० मध्ये तो त्याच शाळेचा प्राचार्य झाला. सुताराचा मुलगा कलाशाळेच्या प्राचार्याच्या खुर्चीत! असं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही. ती शाळा आज नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स आहे, आणि तिथे लघुचित्रकला हा पदवीचा विषय आहे. विद्यार्थी खारीच्या केसांचा ब्रश स्वतः बांधतात, कागदावर कागद चिकटवून वसली तयार करतात, आणि मग कुठे रंगाला हात लावतात.

इथे जरा आडवळण घेतो. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये अॅल्युमिनियमची भांडी घडवण्याचा प्रयोग सुरू केला. धातूकाम करणाऱ्यांना नवं काम मिळावं हा हेतू. पुढे हीच भांडी घराघरात शिरली आणि तांब्या-पितळेची मागे पडली. कारागिराचं भलं करायला निघालेल्या शाळेतून असंही काही निघू शकतं.

जे. जे.त १८९० च्या सुमारास लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा निघाल्या. गालिचे, धातुकाम, लाकडावरचं कोरीवकाम तिथे शिकवलं जाई. पण तोवर एक गोष्ट पक्की झाली होती. चित्रकार वरच्या मजल्यावर, कारागीर खालच्या. १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला तो छपाई आणि जाहिरातीच्या गरजेतून. कारागिराशी त्याचा संबंध नव्हता. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांनी अल्पनेला, म्हणजे बंगाली रांगोळीला, अभ्यासक्रमात जागा दिली, आणि १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा करा असं मांडलं. वर्ध्याची योजना पुढे टकळीच्या तासापुरती उरली, ही दुःखाची गोष्ट, पण तो वेगळा विषय आहे.

दुसरी सुरुवात स्वातंत्र्यानंतरची. सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याला बोलावलं आणि १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातला गाजलेला भाग आपल्या तांब्यावर आहे. या देशात पाहिलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात सुंदर बहुधा हीच, असं ते म्हणतात आणि मग प्रश्नांची रांगच लावतात: पाणी किती मावतं, भरल्यावर तोल कुठे जातो, कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, धुवायला कसा, किंमत काय. चिंच आणि राखेने घासून बायका पितळेचं सोनं करतात, हेही त्यांनी टिपलंय. तांब्या कुणा एकाने डिझाइन केलेला नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी अहवालातून निघाली ती डिझाइनर घडवणारी संस्था. १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, सुरू झाली आणि तिच्या पहिल्या घडणीवर जर्मनीतल्या उल्म आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डिझाइन-शाळांची छाप होती. मुंबईच्या आयआयटीत १९६९ मध्ये आयडीसी, म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, निघालं. त्याचे पहिले प्रमुख सुधाकर नाडकर्णी जे. जे.तून उल्मला जाऊन आलेले.

एनआयडीने नंतर विद्यार्थ्यांना खेड्यांत पाठवून एकेका हस्तकलेची नोंद करायला लावलं. अवजारं, कच्चा माल, मजुरी, बाजार, सगळं वहीत उतरवायचं. काम मोलाचं आहे. फक्त एवढंच की वहीवर नाव विद्यार्थ्याचं लागतं आणि गुणही त्यालाच मिळतात.

माझ्या मते खरी देवघेव वर्गाबाहेर झाली, तीही एका सरकारी कचेरीत. १९५६ पासून निघालेल्या विणकर सेवा केंद्रांत चित्रकारांना नोकरी मिळायची आणि शेजारीच माग चालायचा. प्रभाकर बरवे तिथलेच, काही वर्षं वाराणसीच्या केंद्रात. के. जी. सुब्रमण्यन मुंबईत हातमाग मंडळात काम करून बडोद्याला परतले आणि फाइन आर्ट्सच्या मेळ्यासाठी विद्यार्थ्यांकडून खेळणी बनवून घेऊ लागले. आणि भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेला पाठवलं, तिथल्या बायकांनी भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवावीत म्हणून. नंतर ते डहाणूकडे वळले. वारल्यांचा चौक लग्नात सवाशिणी काढतात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. मधे पालघट देवी, बाजूला लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं. चौक नाही तर लग्न नाही. कागद आल्यावर ते बायकांच्या हातातून बाहेर पडलं, आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या हाती त्याचं गोष्ट सांगणारं चित्र झालं. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली कुर्त्यावर, मगवर, मेट्रोच्या भिंतीवर दिसते. कलेचं भाग्य फळफळलं म्हणायचं की चौकाची कोयरी झाली, यावर मी अजून ठाम नाही.

र. कृ. जोशी यांचं आयडीसीतलं काम मात्र निर्विवाद. कवी, जाहिरात क्षेत्रातला मुरलेला माणूस, आणि अक्षराचा वेडा. देवनागरीची जाड-बारीक रेघ बोरूच्या तिरक्या कापातून येते, म्हणून आधी बोरू कापायला शिका, अशी ही वाट. विंडोजवर मराठी लिहिणाऱ्या लाखोंच्या डोळ्यांखालून गेलेला मंगल फॉन्ट त्यांनी घडवला. त्यांनी जुन्या पोथीतलं अक्षर उचलून चिकटवलं नाही. ते अक्षर ज्या हातवळणातून येतं ते समजून घेतलं.

कच्छमध्ये २००५ साली प्रश्नच उलटा मांडला गेला. कला रक्षा विद्यालयात विद्यार्थी म्हणून विणकर, बांधणीवाले, भरतकाम करणाऱ्या बायका बसल्या आणि रंगसंगती, बाजार, सादरीकरण हे विषय त्यांनी शिकले. अभ्यासक्रम वर्षभराचा, पण थोड्या-थोड्या दिवसांच्या सत्रांत कापलेला, म्हणजे घरचा माग बंद पडू नये. पुढे २०१४ पासून आदिपूरची सोमैया कला विद्या हेच काम करते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये कारागिरांना महाविद्यालयांत निवासी म्हणून नेमण्याचा मसुदा मांडला, त्यात पायऱ्या आहेत: गुरू, परमगुरू, परमेष्ठी गुरू. नावं भारदस्त आहेत. भट्टी कुठे मांडायची आणि धूर कुणाच्या खिडकीत जाणार, ते ज्याचं त्याने बघायचं.

मागे पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत गेलो होतो. डिझाइनच्या दोन विद्यार्थिनी मठारकामाचे फोटो काढत होत्या. भांड्यावरचे ते एकसारखे ठोके पटकन नक्षीच वाटतात. हल्ली मशीनने दाबलेला तसला पत्राही मिळतो. कारागिराने भट्टीतून काढून निववलेला एक वाडगा एकीच्या हातात दिला आणि म्हणाला, "दाबा." अंगठ्याखाली कड आत गेली. मग मठारलेला दिला. तो हलला नाही. मुलीने विचारलं, "काका, दोन ठोक्यांमधलं अंतर कसं ठरवता?"

"ठरवत कोण बसतंय," तो म्हणाला, "आवाज बदलला की पुढे सरकायचं."